बेडीवर वाहिलेल्या अक्षता

मी एक जुनी बेडी आहे. लगेच हात पुढे करू नका. मला लहान मुलं आवडत नाहीत, आणि मित्रांनो, तुम्ही तर मुळीच नाही. का, ते सांगते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या कड्याला आतून दात आहेत आणि त्या दातांत अडकणारी एक छोटी खिटी आहे. कडं दाबलं की खिटी दातांवरून कटकट करत पुढे जाते, मागे येत नाही. एवढंच माझं शिक्षण, पण ते मी मन लावून घेतलं. नाशिकच्या एका पोलीस ठाण्यात आले तेव्हा मी आरशासारखी चमकत होते. पाकीटमार, साखळीचोर, सगळ्यांची मनगटं मी धरली. "ही बेडी पक्की," असं साहेब म्हणायचे. नुसतं म्हणायचेच. तेलाचा थेंब कोणी दिला नाही. मला खिळ्याला टांगलं आणि विसरले.

मग नाथा आला. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमच्या मोबाइलमध्येच राहतो. त्याने गंगापूर रोडवरची बँक लुटली, मग इगतपुरीची. तिथे त्याने रोखपालाचा हात मोडला, ते तुमच्या रीलमध्ये नाही. इगतपुरीच्या कोठडीचा पत्रा उचकटून तो पळाला. पाऊस असा कोसळत होता की पत्र्याचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. पुन्हा पकडला, तर दवाखान्याच्या खिडकीतून गेला. दोन्ही वेळा त्याच्या हातात मी नव्हते, हे लक्षात ठेवा. तुम्ही मात्र गल्लीत 'नाथा-नाथा' खेळू लागलात, आणि त्या खेळात पोलीस व्हायला कोणी तयार होईना.

दवाखान्यात पहाऱ्याला हवालदार बहिरू होता. हरसूलकडचा, निवृत्तीला टेकलेला, देवभोळा माणूस. नाथा तिसऱ्यांदा सापडला तेव्हा साहेब त्याला म्हणाले, "बहिरू, आता सुटला तर तू घरी. पेन्शनची आशा ठेवू नकोस."

कोर्टाने नाथाला बेडी घालायची परवानगी दिली आणि बहिरूने मला खिळ्यावरून काढलं. खिटी अडखळत होती, हे त्याला कळलं. उपायही त्याने केला, पण त्याच्या पद्धतीने. दसरा आला होता. त्या दिवशी ठाण्यात शस्त्रपूजा असते. वर्षभर धूळ खाणाऱ्या आम्हा सगळ्यांना टेबलावर मांडतात आणि एक दिवस आमच्याइतकं लाडकं कोणी नसतं. बहिरूने मला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि वर मूठभर अक्षता टाकल्या.

"आई, माझी भाकर तुझ्या हातात हाय," तो हळूच म्हणाला. "एवढा एक नाथा धरून ठेव."

मला आई म्हणणारा तो पहिलाच. त्याने दोन थेंब तेल घातलं असतं, तर मीही त्याला लेक मानलं असतं. त्याच्या मुठीतला तांदळाचा एक दाणा खिटीखाली जाऊन बसला.

सुट्टीनंतर कोर्ट उघडलं त्याच दिवशी नाथाची तारीख होती. माझं एक कडं बहिरूच्या मनगटात, दुसरं नाथाच्या. बहिरूने दाबलं, एकदा 'कट' वाजलं, त्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला. नाथाने मनगटाला लागलेलं कुंकू पाहिलं.

"मामा, बेडीला नैवेद्यपण दाखवला काय?"

"गप बस. लय बोलतो."

"नाय, विचारलं आपलं. जागृत दिसते."

बाकड्यावर ते बसले. नाथाच्या पलीकडे जमिनीच्या दाव्यासाठी आलेली नवसाबाई नावाची म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन पेंगत होती. आत नाव कधी पुकारतात म्हणून बहिरू दाराकडे कान लावून होता. नाथाने हात हलकेच ओढला. मी जीव खाऊन धरलं. खिटी दाण्यावर चढून बसली होती, ती दातात उतरेना. त्याने मोकळं कडं म्हातारीच्या पिशवीच्या बंदात अडकवलं आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही.

थोड्या वेळाने म्हातारी उठली. बहिरूच्या हाताला ओढ बसली.

"बस खाली," तो दाराकडे बघतच म्हणाला.

"मला गाडी गाठायची हाय, बाबा. सोड की."

तेव्हा त्याने मान वळवली. ते कोणीतरी मोबाइलवर टिपलं. तुम्ही पाहिलंत, मित्रांनो, आणि खाली हसरी तोंडं टाकलीत.

चौकशी लागली. पुरावा म्हणून मला नेणार होते. आदल्या दिवशी सामानाच्या खोलीतल्या सुमनबाईंनी मला जुन्या ब्रशने, रॉकेलने घासून लख्ख केलं. "साहेबांच्या हाताला कुंकू लागायला नको," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी साफ केलं. दाणा निघून मोरीत गेला.

साहेबांनी मला दाबलं. कटकटकट. ओढलं. मी हलले नाही.

"ही तर झकास चालते, बहिरू. मग उघडली कोणी?"

"साहेब, आत अक्षता अडकली होती. मीच वाहिलेली."

"कुठंय?"

सुमनबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला बोलता येत नाही. त्यांना येत होतं.

नाथा यथावकाश सापडला. बहिरूची नोकरी सापडली नाही. तो हरसूलला नागली पेरतो; त्याची रील कोणी काढत नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवावं लागतं, म्हणून सांगते. तुमच्या सायकलला, शिवणयंत्राला, घराच्या कुलपाला हार घालण्याआधी एकदा पुसा, तेल घाला. आणि पुसायचंच असेल तर वेळेवर पुसा. उशिरा पुसलं की माणूस जातो.

आज पुन्हा दसरा आहे. मी टेबलावर आहे. परवा नाथाची तारीख आहे. सुमनबाई तबक घेऊन आल्या. अक्षता वाहताना त्यांचा हात माझ्यावर क्षणभर थांबला. मग बहुधा बहिरूच्या नावाने त्यांनी चार जास्तच वाहिल्या.