पेरूच्या झाडावरची शीळ

लुंगाहो चोरी करायला येणार हे मुहोंजाला गुरुवारपासून ठाऊक होतं. चोरीचा दिवसही तिनेच ठरवला होता, फक्त त्याला तसं कळू दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती शिलुंगा फाटकावरच्या टपरीत मांडाझी, म्हणजे तळलेला गोड पाव, चहात बुडवून खात बसली होती. त्या फाटकातून पाहुण्यांना काकामेगाच्या रानात नेणारे सगळे गाइड तिथेच जमतात; मुहोंजाही त्यांतलीच एक. गाइडांच्या संघटनेचा सेक्रेटरी लुंगाहो पलीकडच्या बाकावर पाठमोरा बसून मोबाइलची काच पुसत होता. मुहोंजा टपरीवालीशी बोलली, पण आवाज बाकापर्यंत जाईल असा लावला.

"आमच्या पेरूवर हल्ली रोज सकाळी करड्या पोपटाची शीळ वाजते गं. आणि नेमका माझ्या फोनचा माइक गेलाय. रविवारी दुरुस्त होऊन मिळेल, मग नोंदवीन म्हणते."

काच पुसणारा हात थांबला.

तिच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शीळ रोज वाजत होती. माइकही खरंच गेला होता. आदल्या दिवशी त्यात मक्याच्या पिठाची ओली उगाली कोंबणारी तीच होती, एवढंच तिने सांगितलं नाही. त्या रानात तीन वर्षांत कुणी करडा पोपट पाहिला नव्हता की ऐकला नव्हता. जो पहिला नोंदवील, त्याचं नाव नैरोबीपर्यंत जाणार होतं.

मुहोंजाचे वडील शितांडा चाळीस वर्षं याच फाटकावर गाइड होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. कान मात्र असे, की पानाआड कोण बसलंय ते न थांबता सांगत. नाव घेण्याआधी मात्र ते थांबायचेच. "कानाने ऐक, पण चोच हललेली बघ. तोवर नाव घेऊ नकोस," हे त्यांनी प्रत्येक नव्या गाइडला शिकवलं होतं. लुंगाहोलाही.

मग संघटनेने ॲप आणलं. मोबाइलवर फोटो काढायचा किंवा आवाज टिपायचा, ॲप नाव सुचवतं, नोंद साठली की फोन टिंग करतो. दुसऱ्या गाइडने 'मान्य' दाबलं की नोंद पक्की. ज्याच्या दोनशे पक्क्या नोंदी होतील त्यालाच हिरवा बिल्ला, आणि बिल्ला असेल त्यालाच पाहुणे. शितांडांकडे बटणांचा जुना फोन होता.

"म्झे, तुम्ही कशाला काळजी करता?" लुंगाहो म्हणाला होता. म्हाताऱ्या माणसाला तिकडे म्झे म्हणतात. "तुम्ही दाखवा, मी टिपतो. दोघांचं एकच समजा."

चौदा महिने दोघे बरोबर हिंडले. म्हातारा थांबायचा, बोट दाखवायचा. लुंगाहो फोन धरायचा. टिंग. बिल्ले वाटायच्या दिवशी यादी वाचली गेली. लुंगाहो, दोनशे अकरा. शितांडा, शून्य.

म्हाताऱ्याने शर्टावरचा जुना बिल्ला स्वतःच काढून टेबलावर ठेवला. लुंगाहो हसून म्हणाला, "म्झे, माझ्यावर रागावू नका. नियम माझा नाही, ॲपचा आहे."

आठ महिन्यांनी शितांडा वारले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं. मुहोंजाने वाद घातला नाही. तिने लुंगाहोचं ते वाक्य तेवढं जपून ठेवलं.

त्या आठ महिन्यांत ते रोज सकाळी अंगणातल्या पेरूखाली बसायचे आणि करड्या पोपटाची शीळ घालायचे, जशी पूर्वी पाहुण्यांसाठी घालायचे. पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे शिळेच्या शेवटी वारा सुटायचा: फुस्स. त्याच पेरूवर एक नकल्या राहत होता. नारिंगी पोटाचा, पांढऱ्या टोपीचा हा पक्षी ऐकलेला आवाज जसाच्या तसा काढतो. शितांडांना पुरल्यावर चौथ्या दिवशी मुहोंजा पाण्याचा डबा घेऊन अंगणात आली, आणि वरून शीळ आली. फुस्ससकट. डबा तिच्या हातून सुटला. तेव्हापासून तिचा सकाळचा चहा पेरूखालीच होत असे.

शनिवारी सहा वाजून दहा मिनिटांनी लुंगाहो आला. मोटरसायकल त्याने रस्त्यावरच ठेवली होती. मक्यातून वाकून चालत तो पेरूपाशी पोचला, फोन वर धरला. मुहोंजा चुलीपाशी उभी राहून फटीतून बघत होती. शीळ वाजली. टिंग. गळ्यात दुर्बीण लोंबत होती, तिला त्याने हातही लावला नाही. मान वर केली असती तर सारा डाव तिथेच मोडला असता. त्याने केली नाही.

आठ वाजता नोंद सगळ्यांच्या फोनवर दिसली. करडा पोपट, आवाज, ॲपची खात्री ब्याण्णव टक्के, नोंदवणारा लुंगाहो.

पण एक अडलं. 'मान्य' कुणी दाबेना. कुणाला हेवा वाटत होता, कुणाला शंका होती. रविवार गेला, सोमवार गेला. नोंद अशीच कच्ची राहिली असती तर महिन्याभरात विसरली गेली असती. मंगळवारी दुपारी मुहोंजाने दुरुस्त झालेला फोन काढला आणि अंगठा त्या शब्दावर धरला. बाबांनी चाळीस वर्षांत चोच न बघता एकाही पाखराचं नाव घेतलं नव्हतं. हिने तर चोच शंभरदा बघितली होती, आणि बघूनही खोट्या नावावर शिक्का मारणार होती.

तिने दाबलं.

मग अंगणात जत्रा भरली. गाइड आले, पाहुणे आले, दूरदूरच्या गावांतून गाड्या आल्या. पोपटाला बाहेर काढायला जो तो फोनवर पोपटाचा आवाज मोठ्याने वाजवी. शीळ आली की तीस फोन एकदम टिंग टिंग करत. सगळ्यांचे कान शिळेवर, डोळे फोनवर. वर बघणारे शेंड्याकडे बघत, करडा पोपट शोधत. खालच्या फांदीवरच्या नकल्याला विचारतो कोण? अकरा दिवस हे चाललं. लुंगाहो त्यांच्यात उभा राहून माहिती देई.

"मुहोंजा, तुझा फोन बघ कसा वेळेवर बिघडला," एकदा तो म्हणाला. "नशीब लागतं बाई."

"लागतं ना, सेक्रेटरीसाहेब. चहा टाकू?"

बाराव्या दिवशी संघटनेची अध्यक्ष खासोआ समिती घेऊन आली. दुर्मीळ नोंद समितीने जागेवर जाऊन तपासायची, असा रिवाज होता. खासोआ सत्तरीच्या पुढची; सगळे तिला कुकू म्हणत, म्हणजे आजी. शितांडांच्या बरोबरीने तिने रान तुडवलं होतं. काठी टेकत ती पेरूखाली आली आणि म्हणाली, "फोन खिशात घाला सगळे. कान किटले माझे."

फोन खिशांत गेले. थोड्या वेळाने शीळ आली.

"ऐकलंत कुकू?" लुंगाहो पुढे सरसावला. "शंभर टक्के करडा पोपट!"

कुकू कान देऊन ऐकत होती. तिची मान एका बाजूला कलली होती.

"चोच बघितलीस का?" मुहोंजाने विचारलं.

"आवाज पुरतो. ॲप सांगतंय ना!"

"गळ्यात काय घातलंयस मग, शोभेची माळ? दुर्बीण लाव. डावीकडची दुसरी फांदी, कुजलेल्या पेरूच्या वर."

समितीतल्या तिघांनी दुर्बिणी लावल्या. लुंगाहोलाही लावावी लागली. नारिंगी पोट, पांढरी टोपी. चोच उघडली, गळा फुगला, आणि पोपटाची शीळ आली. शेवटी फुस्स.

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग सगळं अंगण हसायला लागलं. कुकू हसत नव्हती.

"ही पोपटाची शीळच नव्हे," ती म्हणाली. "हा शितांडाचा पडलेला दात आहे." तिने डोक्यावरच्या फडक्याच्या टोकाने डोळे टिपले आणि काठी लुंगाहोकडे वळवली. "म्हातारा मेल्यावरसुद्धा त्याच्याचकडून चोरलंस रे? बाकीच्या दोनशे अकरांत तुझं काय आहे?"

"कुकू, एक चूक झाली म्हणून..."

"एक ना? मग दाखव. जिथे जे टिपलंस तिथे उभा राहा आणि फोन न काढता नाव सांग. उद्यापासून. आमच्याकडे झुंजीत शिंगाला शिंग भिडल्याशिवाय बैल जिंकला म्हणत नाहीत."

पुन्हा तपासणी आठ दिवस चालली. मुहोंजा आठही दिवस वही घेऊन समितीच्या मागे होती. घुबडाची ढोली कुठल्या झाडात, हे लुंगाहोला सांगता येईना. तीन झाडांना प्रदक्षिणा घालून तो घामाघूम झाला. सगळ्यांनी बघावं म्हणून मुहोंजाने पुरेसा वेळ जाऊ दिला, मग हात वर केला.

"इथे. बाबा इथे थांबायचे."

असं ती एकशे त्र्याहत्तर वेळा म्हणाली. आवाज एकदाही चढवला नाही. अडतीस नोंदी लुंगाहोच्या उरल्या. बाकी शितांडांच्या नावे चढल्या आणि फाटकावरच्या फळ्यावर त्यांचं नाव लागलं.

बिल्ला काढायच्या दिवशी लुंगाहोला टाचणी सुटेना. मुहोंजाने पुढे होऊन ती सोडवून दिली.

"तूच केलंस हे सगळं," तो दातओठ खात म्हणाला.

"माझ्यावर रागावू नका," ती म्हणाली. "नियम माझा नाही, ॲपचा आहे."

हे वाक्य परत करायला तिने दोन वर्षं वाट पाहिली होती. तिला ते अगदी गोड लागलं.

"थांब तू," मागून कुकू म्हणाली. "त्या पोपटाला मान्य कुणी केलं? नाव दिसतंय मला. नकल्या तुला ठाऊक नव्हता म्हणू नकोस."

"ठाऊक होता."

"शितांडाच्या पोरीने असं करावं?"

मुहोंजाने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. तीन महिने रानबंदी. तिने मुकाट्याने सही केली. तेवढं तिने आधीच हिशेबात धरलेलं होतं.

जे हिशेबात धरलं नव्हतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. ती चहा घेऊन पेरूखाली बसली. अंगणात कुणी नव्हतं. पेरूची साल लोकांच्या पाठींनी घासून गुळगुळीत झाली होती. वर पानं हलली.

टिंग.

तिने वर पाहिलं. दुसऱ्या फांदीवर पांढरी टोपी दिसत होती. चोच उघडली आणि मिटली. टिंग. टिंग टिंग.

चहा निवेपर्यंत ती थांबली. दुसऱ्या दिवशी थांबली, आठवडाभर थांबली. शीळ आली नाही. नकल्याला नवा आवाज चांगलाच बसला होता.

लुंगाहोचं जे झालं ते बरंच झालं, असं मुहोंजा आजही म्हणते. विचारणाऱ्याला दोनदा म्हणते. पण रोज सहा वाजता ती पेरूखाली बसून ओठांचा चंबू करते आणि पोपटाची शीळ घालते, त्या पाखराला पुन्हा शिकवायला. शीळ बरी जमते. तिचे सगळे दात शाबूत आहेत. शेवटचा फुस्स काही येत नाही.