ओळखींचा गठ्ठा

व्हिजिटिंग कार्डं छापणाऱ्या बापाची लेक कॉलेजतर्फे धंद्याचं शिक्षण घ्यायला परदेशी गेली आणि दोन महिन्यांनी कार्डांचा जाडजूड गठ्ठा घेऊन परतली.

"बाबा, धंदा म्हणजे ओळखी," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी कोट घालून, ज्यूसचा ग्लास धरून आम्ही ओळखीच करायचो."

बापाने चष्मा चढवला. पहिल्याच कार्डाचा डावा काठ किंचित तिरका होता. दुसऱ्याचाही. त्याचं कटिंग मशीन कित्येक वर्षं असंच कापत होतं, आणि निघण्याआधी अख्ख्या वर्गाने कार्डं त्याच्याकडूनच छापून घेतली होती. म्हणजे एका बाकावरची पोरं सातासमुद्रापार जाऊन एकमेकांना रीतसर भेटली होती. काखेत कळसा आणि विमानाने वळसा.

"यात तिकडचं कुणीच नाही का गं?"

"आहे ना. सगळ्यात खालचं."

ते कार्ड मात्र सरळ कापलेलं होतं. कोर्सच्या प्रवेश विभागातल्या बाईंचं. मागे हाताने लिहिलं होतं, 'धाकट्या भावालाही जरूर पाठवा.'

अख्ख्या कोर्समध्ये धंदा कळणारी ही एकच बाई, आणि नेमकं तिलाच शिकवायला ठेवलं नव्हतं.