अंगातला चुंबक

शिवलीलेच्या डोहाळजेवणासाठी गौरम्माच्या सोलापूरच्या घरात सकाळपासून बायकांची ये-जा होती. शेंगापोळ्या सुनेनंच, दानेश्वरीनंच लाटल्या. तिच्या हातच्या पोळ्या सगळ्यांना चालत होत्या. ओटी मात्र तिनं भरायची नाही, असं सासूनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. आणि शिवलीला ही नणंद तर दानेश्वरीनं लेकीसारखी वाढवलेली.

कारण काय, तर दानेश्वरीच्या अंगात म्हणे चुंबक आहे. चार महिन्यांपूर्वी तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. रोग काखेतल्या गाठींपर्यंत पोचला का, हे शोधायला डॉक्टरांनी लोखंडाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण टोचले होते. कण ज्या गाठींत जातात तेवढ्याच काढून तपासायच्या, सरसकट सगळ्या काढाव्या लागत नाहीत. टोचल्या जागी तपकिरी डाग राहिला. गौरम्मानं तो मैंदर्गीच्या बहिणीला, नागव्वाला सांगितला आणि नागव्वानं निकाल देऊन टाकला, पोटुशीला हिचा हात लागला तर बाळाला बाधेल. दानेश्वरीचा नवरा श्रीशैल बँकेत अधिकारी. तो म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. शिकल्यासवरल्या घरात हे खपतं, याचीच दानेश्वरीला चीड आली.

ओटीची वेळ झाली. नागव्वानं तबक उचललं, तशी दानेश्वरी हात पुसत बाहेर आली. तिनं पदराची पिन काढली, सगळ्यांसमोर छातीशी टेकवली आणि सोडली. पिन फरशीवर पडली.

"चिकटली न्हाय की," ती म्हणाली. "डाक्टरला मी समदं इचारलंय. टोचताना कुणाला त्रास झाला तर तितंच दवाखान्यात इलाज करत्यात. पुढं एमआरआय काढायचा झाला तर आदी सांगायचं. डाग हळूहळू फिका व्हतोय. बाळाला ह्याचं काय बी व्हत न्हाय. कॅन्सर मी लपवला न्हाय, डागबी लपवणार न्हाय. ओटी मीच भरणार."

गौरम्मा काही बोलायच्या आत शिवलीला पाटावरून उठली आणि वहिनीसमोर पदर पसरून उभी राहिली. दानेश्वरीनं ओटी भरली.

जेवणं उरकल्यावर नागव्वा स्वयंपाकघरात आली. ती भांडी विसळू लागली. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, "तुजा डाक्टर कंच्या वारी असतोय?"

दानेश्वरीनं तिच्याकडं पाहिलं. "कवापासनं हाय गाठ?"

"दोन वर्सं. लोक काय म्हंतील म्हून..."

"लोक म्हंजी तुमीच की, मावशी," दानेश्वरी म्हणाली. "उद्या सकाळी निगायचं. मी येते संगं."