सोवळ्यातलं कपाट

चिंचवडला आमचं छोटं प्रसूतिगृह देणग्यांवर चालायचं. मी तिथं नर्स होते. पिंपरीत कारखाने उभे राहत होते, बाळंतिणी वाढल्या होत्या आणि धुलाईला माणूस मिळत नव्हतं. शेवटी वेशीबाहेरच्या वस्तीतली अंबूबाई ठेवली. चादरी, बाळाच्या नाळेला बांधायच्या पट्ट्या ती अशा उकळायची, की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "हिच्यामुळं माझी निम्मी काळजी मिटली."

धुतलेले कपडे कपाटात लावायचं काम आमच्याकडच्या सोवळं पाळणाऱ्या सावित्रीबाईंचं. त्या कपाटाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता. सावित्रीबाईंनी किल्ली कमरेला लावली आणि देव्हारा सांभाळावा तसं कपाट सांभाळलं. आम्हाला कोण कौतुक!

अंबूबाईची सून कौशल्या आमच्याकडेच बाळंत झाली. नवसासायासानं झालेला मुलगा. अंबूबाई खोलीच्या दारातूनच त्याला बघायची.

"माझ्या हातच्या पट्ट्या हायेत त्याला," म्हणायची.

आठवड्यात पोराचा जबडा आवळला. दूध ओढेना. डॉक्टरीणबाई हादरल्या. "धनुर्वात? उकळलेल्या पट्टीतून?"

कपाट उघडायला लावलं, तर खालच्या खणात गोमूत्राचा तांब्या.

"रोज शिंपडते," सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या हातचं तसंच कसं ठेवायचं? शुद्ध नको करायला?"

धनुर्वाताचे जंतू गोठ्यातल्या शेणामुतातूनच येतात, हे डॉक्टरीणबाईंनी ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. पोर दुसऱ्या दिवशी गेलं. शिवाशिव म्हणे कायद्यानं बंद झाली होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संस्थेच्या चिटणीस नानासाहेबांनी दोघींना बोलावलं. सावित्रीबाईंना खुर्ची दिली.

"यांचा हेतू चांगलाच होता," ते म्हणाले. "मुळात हिनं हात लावला नसता, तर शिंपडायची वेळच आली नसती. अंबूबाई, उद्यापासून येऊ नकोस."

मी भांडले. माझं कोण ऐकतंय?

जाण्याआधी अंबूबाईनं चूल पेटवली, नातवाला गुंडाळलेली चादर उकळली, वाळवली, घडी घालून माझ्या हातात दिली.

"दुसऱ्या कुनाच्या लेकराला हुईल, ताई. पन तुमीच ठिवा कपाटात. त्यास्नी दिऊ नगा."

मी हो म्हटलं. किल्ली अजून सावित्रीबाईंच्याच कमरेला होती.