धाकट्याचा प्रश्न

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर होता पंधरा वर्षांचा, आणि त्याच्याविषयी एक वाकडा शब्द मालकांना खपत नसे. मालकांना सगळे दादा म्हणत. पाय कोरणारं यंत्र चालवायचा प्रोग्राम त्यांच्या धाकट्या भावानं लिहिला होता, आणि तो फक्त त्या जुन्या सिस्टिमवरच चालायचा. धाकटा जाऊन सहा वर्षं झाली. तरी रोज सकाळी प्रोग्राम उघडला की स्क्रीनवर त्याचा प्रश्न यायचा : ‘दादा, चष्मा घातलास का?’ चष्मा हमखास कपाळावर असायचा. दादा तो नाकावर ओढत आणि कामाला लागत.

बनवणाऱ्या कंपनीनं त्या सिस्टिमकडे केव्हाच पाठ फिरवली होती. इंटरनेट जोडायची चोरी. जोडलं तर कुठला व्हायरस शिरेल याचा नेम नाही. आता तर हॉस्पिटलच्या नव्या स्कॅनरच्या फायलीही उघडेनात. धाकट्याची मुलगी तिथंच काम करायची. तिनं सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. पण दादा हट्टाला पेटलेले, मग काय बोलायची सोय!

अशात नऊ वर्षांच्या एका मुलीचं काम आलं. स्कॅन उघडेना, म्हणून दादांनी तिच्या आईकडून फोनवर माप मागवलं. आईनं मुलीचा चांगला पाय मोजला, पण बूट न काढताच. दादांनीही विचारलं नाही. नवा पाय बोटभर लांब झाला.

मुलगी तो लावून खोलीभर चालली. कंबर एका बाजूला कलत होती. मध्येच थांबून ती हळूच म्हणाली, “मलाच नीट जमत नाहीये. उद्यापर्यंत सवय करते.”

दादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुझं काही चुकलं नाही, बाळा,” ते म्हणाले. “माझं चुकलं.”

मायलेकी गेल्यावर त्यांनी पुतणीला हाक मारली. “नवी सिस्टिम टाक.”

“बाबांचा प्रोग्राम त्यावर चालणार नाही, काका. यंत्राच्या कंपनीचा घ्यावा लागेल.”

“ठाऊक आहे. म्हणून तर इतकी वर्षं थांबलो होतो.”

चार दिवसांनी मुलीचा स्कॅन पहिल्या फटक्यात उघडला. मापं दिसली, रेषा दिसल्या. स्क्रीननं विचारलं मात्र काहीच नाही. पुतणी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

मग दादांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“घातला रे,” ते म्हणाले, आणि यंत्र सुरू केलं.