एक महिला

अंबादासनं रॉकेलचा बोळा फोटो छापायच्या जस्ताच्या ठशावरून फिरवला आणि आईचं तोंड पुसून लख्ख केलं. आठ दिवसांपूर्वी हेच तोंड त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं होतं. तेव्हाही हात असाच चालला होता, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

हा ठसा म्हणजे जबलपूरच्या त्या छापखान्यातली एक नवलाईच होती. भोपाळचे मंत्री आले, गेले, त्यांचे ठसे भंगारात निघाले. पण हातात मेणबत्ती धरलेली ही बाई अठरा वर्षं दर चौदा एप्रिलला या हिंदी दैनिकाच्या तिसऱ्या पानावर हजर. वय म्हणून वाढलं नाही तिचं. एकदा तर शहराची वीज गेली त्या बातमीवरही तिलाच छापली होती. मेणबत्ती काय, हातात होतीच. जयंतीची ओळ मात्र ठरलेली: ‘जयंती पर श्रद्धा अर्पित करती एक महिला’. शिशाच्या अक्षरांचे ते खिळे अंबादासनंच पहिल्या वर्षी जुळवले होते. नंतर ते कधी सोडलेच नाहीत. सुतळीनं बांधून ठशाशेजारी ठेवलेले असत.

“अंबादासजी, ये दीदी कौन हैं?”

नवीन उपसंपादक विनता त्याच्या खांद्यावरून पाहत होती. राइट टाउनहून स्कूटरवर यायची, चप्पल फटफट वाजवत सगळ्या खात्यांत फिरायची.

“ठसा जुना आहे, जी.”

“तेच तर! सेठांच्या घरच्या लग्नात त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव छापतो आपण. आणि घमापुरची ही अख्खी वस्ती म्हणजे ‘एक महिला’? पेपर सबका है ना? या वर्षी नाव नसेल तर फोटो पण नाही, मी संपादकांना सांगून टाकलंय. चार वाजेपर्यंत घमापुरात जाऊन विचारून या. अच्छा?”

अशा रीतीनं अंबादास सायकलवर टांग टाकून स्वतःच्या आईचं नाव शोधायला निघाला.

हा प्रश्न त्याला काही पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, त्यानंतरच्या दिवसांत तो कामाला लागला होता. त्याची मराठी ऐकून संपादक विष्णुपंत हरखले. “आपलाच माणूस,” म्हणाले आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून पाणी मागितलं. आपला म्हणजे कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. यानं सांगितलं नाही. तेव्हापासून चार वाजता त्यांचा ग्लास भरणं अंबादासकडे लागलं. खोली त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्यात घेतली. आई घमापुरातच राहिली.

पुढं जयंतीचा फोटो आला. विष्णुपंतांनी विचारलं, “बाई कोण?”

“माहीत नाही, साहेब,” अंबादास म्हणाला.

आईला अक्षरओळख नव्हती. रविवारी तो पेपर घेऊन जाई आणि बोट ठेवून वाचून दाखवी: “भागीरथाबाई सुखराम मेश्राम, घमापुर.” ती हसे, कात्रण ट्रंकेत ठेवी. गेल्या आठवड्यात ती गेली, तेव्हाही तो “लांबची काकू वारली” म्हणून एकच दिवस सुटी घेऊन आला होता. लांबच्या काकूबद्दल कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

आज तो पोचला तेव्हा आईच्या शेजारची मालनबाई उंबऱ्यात तांदूळ निवडून राहिली होती.

“काहून रे बाबू, कामाच्या वक्ताले?”

“ट्रंक पाहाची होती.”

मालनबाईची पोरगी लता, आठवीतली, किल्ली घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली. ट्रंकेत दोन लुगडी होती आणि त्यांच्याखाली अठरा कात्रणं, वर्षाच्या क्रमानं. ज्या बाईला आकडे येत नव्हते तिनं क्रम कसा लावला, हे काही त्याला कळेना.

“क्रम मी लावला, भैया,” लता म्हणाली. मग वरच्या कात्रणावर बोट ठेवून, “इसमें नाम नहीं है उनका.”

अंबादासनं ते कात्रण उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

“मी तिसरीत होते ना, तेव्हाच वाचून दाखवलं होतं मोठ्या मायला.”

“मग?”

“मग काही नाही. दर साली आधी तुमच्याकडून ऐकायची, मग माझ्याकडून. म्हणायची, अंबादासले सांगू नको. त्याची नौकरी आहे.”

“चहा ठेवू का रे?” मालनबाईनं बाहेरून विचारलं.

“नको.”

त्यानं कात्रणांच्या कडा सारख्या केल्या, प्रुफांच्या करतात तशा, आणि ट्रंक लावली.

चाराला दहा मिनिटं कमी असताना ओल्या शाईचं प्रूफ विष्णुपंतांसमोर होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

“भागीरथाबाई सुखराम मेश्राम. सापडलं म्हणायचं! कुणी सांगितलं?”

“घरचे भेटले.”

“बाई आहेत का अजून?”

“नाही. आठ दिवस झाले.”

“अरेरे. मागं कोण?”

“पोरगा आहे एक.”

“काय करतो?”

अंबादासनं बोटांची शाई पँटला पुसली. निघाली नाही.

“खिळे जुळवते, साहेब. इथंच.”

विष्णुपंतांची निळी पेन्सिल नावावर थांबली. पलीकडच्या टेबलाशी विनता कोणाला तरी हसत काही सांगत होती, तिनं ऐकलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. अंबादास माठाकडे गेला, रोजच्यासारखा ग्लास भरला, रोजच्या जागी टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

अठरा वर्षांच्या शाईनं सुतळी लाकडासारखी झाली होती. गाठ दातांनी सोडवावी लागली. ‘एक महिला’ सुटी झाली. एकेक खिळा तो आपापल्या खणात टाकत गेला. शिसं शिशावर पडल्याचा बारीक आवाज येत राहिला. विष्णुपंतांच्या टेबलावरून ग्लास उचलल्याचा आवाज आला असता, तर तो त्यातूनही ऐकू आला असता.