सहा नंबरकडे पाठ

रेनो माझा मोठा भाऊ. अमेरिकन फुटबॉल खेळतो. त्याचं काम एवढंच: वाकायचं, स्वतःच्या दोन पायांमधून मागे बघायचं आणि चेंडू मागच्याकडे भिरकावायचा. मागचा तो झेलून जमिनीवर उभा धरतो, तिसरा धावत येऊन लाथेने तो दोन खांबांमधून घालवतो. टाळ्या तिसऱ्याला. गॅरेजमध्ये गादी लावून नऊ वर्षं रेनोचे चेंडू मी झेललेत. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे ना, ती त्याचीच मेहरबानी.

डिसेंबरच्या शेवटी एका मोठ्या टीममधल्या, हेच काम करणाऱ्या नेहमीच्या पोराचा गुडघा गेला आणि रेनोला बोलावलं. एका मॅचपुरतं. एकाच. पुढच्या रविवारी दुसरा कुणी येणार होता.

"किकच्या आधी डाव्या मोज्याला दोनदा हात पुसेन," तो फोनवर म्हणाला. "ते तुझ्यासाठी, सिग्ने."

आता हे मी चुकवणार होते का? पण आमचं गाव पडलं सहा नंबर चॅनेलचं. रविवारी दुपारी नेटवर्ककडे दोन मॅच, आणि एका स्टेशनला मिळते एकच. आमच्याकडे हिरव्या जर्सीवाली टीम. कायम हिरवे. इथे लोक बाप्तिस्म्यालाही हिरवी टोपी घालून येतात. रेनोची टीम पंधरापैकी बारा हरलेली, ती कोण दाखवतंय!

मी स्टेशनला फोन लावला. तिथले साहेब मिस्टर लफेव्ह.

"बाळ, चाळीस हजार घरांना हिरवे बघायचेत."

"आणि मला रेनो बघायचाय. रेनो हापाला, माझा भाऊ."

"काय खेळतो हा?"

मी सांगितलं.

"म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये त्याचं बूडच दिसणार की!"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी माझा नंबर बंद केलेला. गावात एका बारमध्ये सगळ्या मॅच लागतात, पण ऑक्टोबरमध्ये मी त्या मालकाला खिमा भरलेली गरम पेस्टी फेकून मारली होती. त्याच्या शर्टावरचा डाग अजून आहे, त्यामुळे तो विषयच संपला.

शाळा सोडल्यापासून मी आर्मसकाकांच्या दुकानात गळाला लावायच्या मासोळ्या विकते. काका सत्तर वर्षांचे, बोलतात दिवसाला तीनदा. शनिवारी मासोळ्यांवर चिडचिड करताना मला बघून म्हणाले, "खाडीपलीकडे दुसरं राज्य. तिथलं चॅनेल अकरा नंबर. रेनोची टीम त्यांची घरची."

"मग?"

"मग बर्फावर मध्ये सिग्नल अडवायला झाडं नसतात."

मी त्यांना मिठीच मारली. मासोळ्या सांडल्या.

काकांचं बर्फावर मासे पकडायचं खोपटं लाकडी घसरपट्ट्यांवर उभं आहे. आत शेगडी, टीव्ही, छपरावर अँटेना. रविवारी अकरा वाजता आम्ही ते स्नोमोबाईलला, म्हणजे बर्फावरच्या गाडीला बांधलं. काका आत टीव्हीपाशी, आई सूपच्या पातेल्यापाशी, मी पुढे गाडीवर. गोठलेल्या खाडीवर बाकीची खोपटी जिथल्या तिथे बसलेली, प्रत्येकातून हिरव्यांचा गोंगाट. आणि त्यांच्यामधून आमचं घर निघालंय धूर सोडत! लोक दारं उघडून बघत होते.

"आलं का?" मी ओरडायचे.

"आवाज आला!" आतून काका.

अजून अर्धा मैल.

"आता?"

"चित्र आलं, पण चौकोन चौकोन!"

मला कुठला दम निघतोय? मी गाडी ताणली. बर्फाचा एक उंचवटा आला आणि खोपटं चक्क उडालं. आतून आईची किंकाळी. सूप भिंतीवर. आणि अँटेनाची पकड तुटून काठी कलंडलेली.

"सिग्ने! तुला गाडी चालवायला सांगितली होती, नांगरायला नाही!" काका गरजले.

मी छपरावर चढले, काठी हातांनी सरळ केली.

"आलं!" आई ओरडली. "अगं, स्वच्छ आलं! धरून ठेव!"

धरून ठेव. म्हणजे बघायचंय मला आणि मीच वर! काठी सोडली की चित्र गेलं. काकांचे गुडघे संपलेले, आई शिडी बघूनच पांढरी पडते. तीन तास मी छपरावर उभी आणि खालून आईची कॉमेंट्री.

"कुणीतरी कुणावर तरी पडलं!"

"आपला आहे का?"

"सगळ्यांच्या पाठी दिसतायत, आपली कुठली? आता किक मारली! गेला वाटतं मधून."

"त्याने मोजा पुसला का?"

"कुठला मोजा?"

मी छपरावर असा पाय आपटला की शेगडीची नळी हलली.

शेवटची दोन मिनिटं उरली. रेनोची टीम दोन गुणांनी मागे; किक मधून गेली तर तीन मिळतात. तेवढ्यात चित्र पुन्हा तुटायला लागलं. मी काठी फिरवतेय, शिव्या घालतेय, आणि शेजारच्या खोपटातून हिरव्या टोपीतला एक जाडा माणूस बाहेर आला.

"हा आवाज मी ओळखतो," तो म्हणाला. "अकरा वेळा ऐकलाय."

लफेव्ह! स्वतः!

"तुमचे हिरवे बघा की जाऊन!"

"तीस गुणांनी पुढे आहेत. झोप येतेय मला." त्याने वर बघितलं. "वेडे, अँटेनाचं तोंड माझ्या टॉवरकडे आहे. माझा सिग्नल याला गिळतोय. सहा नंबरकडे पाठ कर!"

मी काठी वळवली.

"आलं!" आई. "सिग्ने, वीस सेकंद राहिलेत! किकवाला आलाय!"

लफेव्ह धापा टाकत शिडी चढला आणि माझ्या हातातून काठी घेतली. आपल्याच स्टेशनच्या टॉवरकडे पाठ करून, दुसऱ्याचं चॅनेल डोक्यावर धरून उभा राहिला. "जा, जा! आणि कुणाला सांगितलंस तर बघ!"

मी शिडीवरून नाही, सरळ बर्फात उडी मारली आणि दारातून आत घरंगळले.

पडद्यावर रेनो. वाकलेला, तोंड उलटं, लालबुंद. हात निघाला. डावा मोजा. एकदा. दोनदा.

चेंडू असा सुटला की माझी करंगळी ठणकली. झेल, ठेव, लाथ. दोन खांबांच्या बरोब्बर मधून.

मी किंचाळले, आई किंचाळली, काकांनी पातेलं आपटलं. आज त्यांचं चौथं बोलणं झालं: "जिंकले!"

"पण त्याचं नाव नाही घेतलं!" आई पडद्यावर बोट रोखून भांडायला लागली. "किकवाल्याचं घेतलं, धरणाऱ्याचं घेतलं!"

"आई, त्याचं नाव फक्त चुकला की घेतात."

"असं?" तिने डोळे पुसले. "मग नकोच घ्यायला."

छपरावर धाडधाड झालं. "अरे, काय झालं? गेला का मधून? कुणी सांगेल का या माणसाला?"

मी बाहेर पळाले. थंडीने लफेव्हच्या मिशांवर बर्फ धरलेला.

"खाली या, साहेब. आता परत दाखवतील. बूड बघून घ्या, एक नंबर आहे."

आणि वर चढून मी काठी धरली, वाकड्या करंगळीने.